जलतरण तलावाचे पाणी गढूळ का होते आणि ते कसे निवळावे : गृहसंकुलांच्या तलावांसाठी सविस्तर मार्गदर्शन

तलावाचे पाणी गढूळ दिसू लागले की बहुतेक सोसायट्यांमध्ये पहिली गोणी फोडली जाते ती तुरटीची. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवण्याची आपली जुनी सवय त्यामागे असते आणि त्या सवयीत चूक काहीच नाही. मात्र नदीचे पाणी गढूळ होते ते प्रामुख्याने मातीमुळे, तर जलतरण तलावाचे पाणी शेवाळाने, चुन्याने, अंगावरच्या तेलाने, बोअरवेलमधल्या लोहाने किंवा नुसत्या थकलेल्या गाळणीनेही गढूळ होते, आणि यांतील प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा असतो. म्हणून या लेखातला आग्रह एकच आहे : कारण निश्चित होईपर्यंत पाण्यात कोणतेही रसायन टाकू नये, आणि कारण निश्चित झाल्यावर आधी क्लोरीन व पीएच, मग गाळणी आणि अगदी शेवटी तुरटी, हा क्रम मोडू नये.

पुढील सर्व हिशेब सोयीसाठी एकाच तलावाचे केले आहेत : लांबी १५ मीटर, रुंदी ८ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे १५० घनमीटर, अर्थात १,५०,००० लिटर पाणी, आणि ताशी २५,००० लिटर पाणी फिरवणारा पंप. आपल्या तलावाचे घनफळ असेच काढून पंपाच्या खोलीत भिंतीवर ठळक लिहून ठेवावे. ते माहीत नसेल, तर रसायनाची प्रत्येक मात्रा अंदाजपंचे पडते.

पहिले काम : तलाव बंद करणे

काठावर उभे राहून सर्वांत खोल भागातील तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर त्या क्षणी तलाव बंद करावा. पाणी किती दूषित आहे हा प्रश्न नंतरचा; बुडणारा माणूस जीवरक्षकाला दिसणार नाही, हा धोका आधीचा आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर येथील सार्वजनिक तलावात एक महिला बुडाली आणि पाणी इतके गढूळ होते की तिचा मृतदेह दोन दिवसांनी आढळला. दरम्यान त्याच तलावात लोक पोहत होते. सुट्टीच्या दिवसांत तलाव बंद ठेवला की सभासद समितीवर नाराज होतात, हे खरे आहे. तरीही या एका बाबतीत समितीने तडजोड करू नये, आणि बंद करण्याचा अधिकार जीवरक्षकाला लेखी द्यावा, म्हणजे त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.

दुसरे काम : मोजणे

अनेक ठिकाणी अजूनही ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्याचा पिवळा रंग पाहण्याची जुनी पद्धत चालते. या पद्धतीत फक्त एकूण क्लोरीन कळतो. जंतू आणि शेवाळ मारण्यास मोकळा असलेला मुक्त क्लोरीन किती आणि घाम, लघवी यांतील नत्रयुक्त पदार्थांशी जोडला जाऊन निकामी झालेला संयुक्त क्लोरीन किती, हे त्यातून वेगळे होत नाही. गढूळ पाण्याच्या निदानात नेमकी हीच वजाबाकी महत्त्वाची असल्यामुळे डीपीडी पद्धतीचे किट घेणे अत्यावश्यक आहे. डीपीडीची पहिली गोळी मुक्त क्लोरीन दाखवते, तिसरी गोळी मिसळल्यावर एकूण क्लोरीन कळतो, आणि दोहोंतील फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन. एक सावधगिरी बाळगावी : क्लोरीन फार जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंगच उडून जातो आणि पाण्यात क्लोरीन नाहीच असा समज होतो. रंग क्षणभर येऊन नाहीसा झाला, तर नमुन्यात चौपट शुद्ध पाणी मिसळून पुन्हा मोजावे आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावे.

मोजायच्या गोष्टी अशा : मुक्त क्लोरीन प्रति लिटर १ ते ३ मिलिग्रॅम, संयुक्त क्लोरीन शक्यतो ०.२ च्या आत, पीएच ७.२ ते ७.६, एकूण क्षारता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८० ते १२० मिलिग्रॅम, कॅल्शियमचा जडपणा २०० ते ४०० मिलिग्रॅम आणि सायन्युरिक आम्ल ३० ते ५० मिलिग्रॅम. शेवटचे मोजमाप बहुतेक सोसायट्यांत कधीच होत नाही, आणि माझ्या मते उन्हाळ्यातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ तेथेच असते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. नमुना घेताना बाटली कोपरभर खोलीवर नेऊन, पाणी तलावात परत येते त्या तोट्यांपासून दूर, उघडावी.

तिसरे काम : कारण ओळखणे

येथे घाई करू नये. पुढील चार चाचण्यांना खर्च जवळजवळ नाही आणि एका रात्रीत त्या पूर्ण होतात.

पहिली चाचणी रंगाची. पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन पाहावे. दुधाळ पांढरट छटा चुन्याकडे बोट दाखवते, राखाडी किंवा किंचित हिरवट छटा शेवाळाच्या सुरुवातीकडे, आणि तांबूस-तपकिरी छटा माती किंवा लोहाकडे. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी भरताना स्वच्छ होते आणि क्लोरीन टाकताच तांबूस झाले, तर त्यात लोह विरघळलेले होते, असे जवळजवळ निश्चित समजावे. कोकणात जांभ्या दगडाच्या भागात हा अनुभव नवा नाही. पाणी बादलीत घेताच तळापासून वरपर्यंत स्वच्छ होत गेले, तर ते गढूळ नसून त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे आहेत. पंपाच्या ओढीच्या बाजूचा जोड, झाकणाचे रबर किंवा व्हॉल्व्ह तपासावा.

दुसरी चाचणी व्हिनेगरची. काचेच्या ग्लासात तलावाचे पाणी घेऊन त्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालावे आणि ढवळावे. थोड्याच वेळात पाणी निवळशंख झाले, तर गढूळपणा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याचा आहे. काहीच बदल झाला नाही, तर चुन्याला दोष देऊ नये.

तिसरी चाचणी रात्रीची. सूर्यास्तानंतर, पोहणारे बाहेर पडल्यावर मुक्त क्लोरीन मोजावा, आणि पंप चालू ठेवून पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी पुन्हा मोजावा. रात्री ऊन नसते, त्यामुळे क्लोरीन घटला तर तो पाण्यातील काहीतरी खात आहे. एका रात्रीत १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक घट आढळल्यास शेवाळ किंवा सेंद्रिय मळ पाण्यात आहे, मग डोळ्यांना हिरवे दिसो वा न दिसो. घट नगण्य असेल तर कारण चुना, माती किंवा गाळणी यांत शोधावे.

चौथी चाचणी साध्या बाटलीची. झाकण लावलेली पारदर्शक बाटली चोवीस तास हलवू नये. तळाशी साका बसला, तर कण गाळणीत अडकण्याइतके मोठे आहेत, म्हणजे गाळणीचेच काहीतरी चुकते आहे. साका न बसता पाणी तसेच धूसर राहिले, तर कण इतके सूक्ष्म आहेत की वाळूची गाळणी त्यांना एकटीने अडवू शकणार नाही, आणि तेथे पुढे तुरटी उपयोगी पडेल.

क्लोरीन अपुरा पडला असल्यास

क्लोरीनचा आकडा बरोबर असूनही पाणी बिघडू शकते, कारण क्लोरीनची धार पीएचवर अवलंबून असते. पाण्यात क्लोरीन हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन अशा दोन रूपांत असतो, आणि जंतू मारण्याचे काम मुख्यतः पहिले रूप करते. पीएच ७ असताना सुमारे तीन-चतुर्थांश क्लोरीन या प्रभावी रूपात असतो, ७.५ ला निम्मा, आणि ८ ला जेमतेम पाव. म्हणून पीएच ८ असलेल्या तलावात क्लोरीनच्या गोण्या ओतणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय. आधी पीएच ७.२ पर्यंत खाली आणावा. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरताना ते बादलीतील पाण्यात सावकाश ओतावे (आम्लात पाणी कधीही ओतू नये), पंप चालू ठेवून खोल भागात सोडावे, अंदाजाच्या निम्मी मात्रा आधी द्यावी आणि काही तासांनी पुन्हा मोजावे.

दुसरा अडथळा सायन्युरिक आम्लाचा. उघड्या तलावात ऊन क्लोरीनला झपाट्याने नष्ट करते, आणि हे आम्ल त्याला संरक्षण देते. म्हणून थोडे असणे चांगलेच. परंतु ते वाढले की क्लोरीनला इतके धरून ठेवते की किटमध्ये आकडा दिसतो आणि शेवाळ मात्र वाढतच राहते. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी टीसीसीएची (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल, क्लोरीनचे घन रूप) पूड किंवा गोळी प्रत्येक १ मिलिग्रॅम क्लोरीनसोबत सुमारे ०.६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल पाण्यात सोडते. उन्हाळ्यात तलावाला रोज २ मिलिग्रॅम क्लोरीन लागला, तर दोन महिन्यांत १२० मिलिग्रॅम क्लोरीन आणि त्यासोबत ७२ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल साठते. क्लोरीन संपून जातो, हे आम्ल तसेच राहते. मार्चमध्ये उत्तम चाललेला तलाव त्याच मात्रेवर मेअखेर का बिघडतो, याचे उत्तर पुष्कळदा या हिशेबात सापडते. मुक्त क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या सुमारे ७.५ टक्के ठेवावा, म्हणजे आम्ल ५० असेल तर क्लोरीन पावणेचारच्या आसपास, अर्थात वर दिलेल्या १ ते ३ पेक्षा थोडा अधिक. आम्ल १०० च्या पुढे गेल्यास काही पाणी काढून नवे भरणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. आपल्या तलावाचे एक-तृतीयांश पाणी बदलायचे म्हणजे ५०,००० लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे पाच टँकर. पाणीटंचाईच्या दिवसांत एवढे पाणी वाया घालवणे कोणालाही रुचणार नाही, म्हणूनच टीसीसीए आणि द्रव सोडियम हायपोक्लोराइट आलटून-पालटून वापरण्याची सवय आधीपासून लावावी.

संयुक्त क्लोरीन वाढलेला असेल, तर डोळे चुरचुरतात आणि तलावाला उग्र वास येतो. लोक म्हणतात की क्लोरीन जास्त झाला. वस्तुस्थिती उलट असते, कामाचा क्लोरीन कमी पडलेला असतो. अशा वेळी संयुक्त क्लोरीनच्या दहापट क्लोरीन एकाच वेळी द्यावा लागतो. समजा, एकूण क्लोरीन १.६ आणि मुक्त क्लोरीन ०.६ आहे, संयुक्त क्लोरीन १ मिलिग्रॅम झाला, म्हणून १० मिलिग्रॅमची मात्रा हवी. १,५०,००० लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे १५० ग्रॅम क्लोरीन, म्हणून १० मिलिग्रॅमला दीड किलो. ताज्या १० टक्के द्रव हायपोक्लोराइटचे ते १५ लिटर होतात. हे द्रावण उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये लवकर निकस होते, त्यामुळे जुना साठा असल्यास मात्रा अपुरी पडते. काम सूर्यास्तानंतर करावे, पंप रात्रभर चालू ठेवावा, आणि बंदिस्त तलाव असेल तर खिडक्या उघड्या आणि पंखे चालू ठेवावेत. शेवाळाचा संशय असल्यास भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा ब्रशने घासावी, कारण तेथील बुळबुळीत थराखाली क्लोरीन पोहोचत नाही. आणि रात्रीच्या चाचणीत घट १ मिलिग्रॅमच्या आत येईपर्यंत उंच मात्रा टिकवून धरावी. शेवाळ मेल्यावर पाणी हिरव्याचे राखाडी-पांढरे होते. तेथे घाबरून नवे रसायन टाकू नये. तो मेलेला मळ गाळणीने काढायचा असतो.

निरनिराळी रसायने एकमेकांत मिसळल्यास काय होते, याचे उदाहरण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकने जगाला दाखवले. तेथील तलावात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले गेले, त्याने क्लोरीन निष्प्रभ केला आणि सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव हिरवा झाला. सोसायटीच्या खोलीत धोका याहून मोठा असतो : टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात वा एकाच मापाने हाताळल्यास आग लागू शकते, आणि हायपोक्लोराइटमध्ये आम्ल पडल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. प्रत्येकाचे माप, बादली आणि फळी वेगळी ठेवावी.

चुन्यामुळे पाणी दुधाळ झाले असल्यास

दख्खनच्या काळ्या कातळातील बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते, धरणातून येणारे नळाचे पाणी त्या मानाने मृदू. टँकरने तलाव भरणाऱ्या सोसायट्यांना म्हणून चुन्याचा त्रास अधिक होतो, आणि उन्हाळ्यात आणखी वाढतो, कारण कॅल्शियम कार्बोनेट कोमट पाण्यात कमी विरघळते. त्यातच स्वस्त पडते म्हणून साधी ब्लीचिंग पावडर थेट तलावात टाकली जाते. तिच्यात क्लोरीन ३० ते ३५ टक्केच असतो आणि बाकीचा भाग मुख्यतः चुना. ती वापरायचीच असेल, तर पिंपात कालवून, रात्रभर ठेवून, फक्त वरची निवळ वापरावी.

दुधाळपणाचे दुसरे निमित्त म्हणजे सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट, धुण्याचा सोडा). पीएच वाढवण्यासाठी ती एकदम टाकली की जड पाण्यातला कॅल्शियम लगेच साक्याच्या रूपाने बाहेर पडतो. थोडी-थोडी, पूर्ण विरघळवून, काही तासांच्या अंतराने द्यावी. पीएच ठीक आहे आणि केवळ क्षारता कमी आहे, तर खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट वापरावा. आपल्या तलावाची क्षारता १० मिलिग्रॅमने वाढवण्यास सुमारे अडीच किलो लागतो. व्हिनेगरच्या चाचणीत चुना निष्पन्न झाला, तर उपाय सरळ आहे : आम्लाने पीएच ७.२ पर्यंत आणून गाळणी सलग चालवावी. चुना पुन्हा विरघळतो, उरलेला गाळला जातो. येथे तुरटीची गरज बहुधा पडत नाही.

गाळणी

रसायनशास्त्र कितीही बरोबर असले तरी मळ बाहेर काढण्याचे काम गाळणीचेच आहे, आणि वीज वाचवण्यासाठी पंप दिवसाला चार तास चालवणाऱ्या सोसायट्या हे विसरतात. आपल्या तलावाचे १,५०,००० लिटर पाणी ताशी २५,००० लिटरने फिरण्यास सहा तास लागतात. पण सहा तासांत सगळे पाणी गाळले जाते, असे नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्यात सतत मिसळत असल्याने एका फेरीत सुमारे ६३ टक्केच पाणी गाळणीतून गेलेले असते, दोन फेऱ्यांत ८६ टक्के आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के. गढूळ पाणी निवळायचे असेल, तर पंप चोवीस तास चालवावा. नेहमीच्या दिवसांतही उन्हाळ्यात दोन फेऱ्या पूर्ण व्हाव्यात.

गाळणी स्वच्छ असताना दाबमापकावर किती दाब दिसतो, याची नोंद ठेवावी. त्यापेक्षा दाब ०.५ ते ०.७ बार, म्हणजे ८ ते १० पीएसआय वाढला की बॅकवॉश द्यावा, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून वाळू धुवावी. पंप बंद करावा, मगच व्हॉल्व्हचा दांडा फिरवावा. चालू पंपावर दांडा फिरवल्यास आतले रबर फाटते आणि मळके पाणी थेट तलावात परत जाऊ लागते. बॅकवॉश दोन-तीन मिनिटे, काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पुन्हा पंप बंद. मग अर्धा ते एक मिनिट रिन्स, म्हणजे पाणी सरळ दिशेने वाळूतून सोडून बाहेर टाकणे. पुन्हा पंप बंद. आणि शेवटी फिल्टर. रिन्स टाळल्यास वाळूतला उरलेला मळ तलावात येतो, आणि बॅकवॉशनंतर पाणी अधिक बिघडले अशी तक्रार होते. रोज उठून बॅकवॉश देणेही योग्य नव्हे : वाळूवर थोडा मळ जमलेला असताना ती अधिक बारीक कण अडवते, शिवाय प्रत्येक वेळी हजार-बाराशे लिटर पाणी जाते.

दाब वाढतच नाही आणि पाणी मात्र गढूळ आहे, ही स्थिती अधिक गंभीर. अशा वेळी पाणी वाळूला वळसा घालून जात असते. टाकीचे झाकण उघडून पाहावे : वाळूत खड्डे, चिरा किंवा तेलकट गोळे दिसतात का? केसांना लावलेले खोबरेल तेल, उन्हाची क्रीम आणि पावडर यांनी वाळू चिकटून गठ्ठे होतात आणि पाणी त्यांच्यामधून वाट काढते. तोट्यांखाली तलावात वाळू साचत असेल, तर तळाच्या जाळीदार नळ्या तुटल्या आहेत. वाळू साधारण पाच ते सात वर्षांनी बदलावी, ०.४ ते ०.८ मिलिमीटर जाडीची गाळणीची सिलिका वाळूच घ्यावी. बांधकामाची वाळू कितीही चाळली तरी चालत नाही.

तुरटी, सर्वांत शेवटी

क्लोरीन टिकतो आहे, पीएच ठिकाणावर आहे, गाळणी नीट आहे आणि तरी बाटलीतले पाणी चोवीस तासांनी धूसरच राहिले, तर आता तुरटीची वेळ आली. मात्रा अंदाजाने न ठरवता तलावाच्याच पाण्यावर ठरवावी. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवावी. तलावाचे प्रत्येकी १ लिटर पाणी तीन बाटल्यांत घेऊन, सुईविना इंजेक्शनच्या नळीने पहिलीत २, दुसरीत ४ आणि तिसरीत ६ मिलिलिटर द्रावण घालावे. म्हणजे लिटरमागे २०, ४० आणि ६० मिलिग्रॅम तुरटी झाली. जोराने एक मिनिट आणि मग सावकाश दहा मिनिटे ढवळून तास-दोन तास ठेवावे. ज्या सर्वांत कमी मात्रेत पुंजके धरून पाणी निवळले, ती मात्रा घ्यावी. ४० मिलिग्रॅम आली, तर १,५०,००० लिटरला ६ किलो तुरटी लागेल. तुरटी क्षारता खाते, मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम. ४० मिलिग्रॅम तुरटीने क्षारता २० ने उतरेल. क्षारता आधीच ८० च्या खाली असेल, तर ती प्रथम वाढवून घ्यावी, नाहीतर पीएच कोसळतो, पुंजके धरत नाहीत आणि तुरटीच पाण्यात पांढरी राहते.

तुरटी बादलीत पूर्ण विरघळवून कडेकडेने शिंपडावी, व्हॉल्व्ह रीसर्क्युलेटवर ठेवून, म्हणजे वाळूला वगळून, पंप तासभर चालवावा आणि मग बंद करून रात्रभर, आठ ते बारा तास, पाण्याला कोणीही हात लावू नये. सकाळी तळाशी मऊ, राखाडी थर बसलेला असेल. येथे बहुतेक कर्मचारी नेहमीच्या सवयीने फिल्टरवर व्हॅक्यूम मारतात. तो चिकट साका वाळूत जाऊन गाळणी तुंबते, आणि उरलेला तिच्यातून निसटून पुन्हा तलावात येतो. व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवूनच, म्हणजे पाणी गाळणीत न जाता थेट बाहेर पडेल असे, व्हॅक्यूम करावा, ब्रश हळूहळू सरकवावा आणि गाळ उडू लागला तर थांबून तो बसू द्यावा. बाहेर जाणाऱ्या पाण्याएवढे नवे पाणी भरत राहावे. काम संपल्यावर बॅकवॉश आणि रिन्स द्यावा, आणि पीएच, क्षारता, क्लोरीन पुन्हा मोजावे.

पुन्हा खुला करताना आणि त्यानंतर

खोल भागातील जाळीचे छिद्र काठावरून दिसू लागल्यावर, पीएच मर्यादेत आल्यावर आणि मुक्त क्लोरीन ५ मिलिग्रॅमच्या खाली उतरल्यावरच तलाव उघडावा. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ पीएच, मुक्त व संयुक्त क्लोरीन, आठवड्याला क्षारता, आणि महिन्याला जडपणा व सायन्युरिक आम्ल नोंदवहीत लिहावे. टाकलेल्या रसायनाचे नाव, वजन आणि वेळही तेथेच लिहावी. टँकर आला की पाणी तलावात सोडण्यापूर्वी त्याचा जडपणा मोजावा, आणि बादलीभर पाण्यात क्लोरीनचे थेंब घालून तासभराने ते तांबूस होते का ते पाहावे. पोहण्यापूर्वी साबणाने अंघोळ सक्तीची करावी आणि त्या दिवशी मुलांच्या डोक्याला तेल लावू नये, अशी पाटी दारावर लावावी. पहिल्या वळवाआधी काठावरच्या बागेची माती तलावात वाहून येणार नाही अशी वरंब्याची सोय करावी, आणि पहिल्या जोरदार सरीनंतर तलाव उघडण्यापूर्वी क्षारता व क्लोरीन पुन्हा तपासावा, कारण पावसाचे पाणी दोन्ही पातळ करते.